दोन लहानगी, एक पगार आणि रात्री तीन वाजताचं कार्ट

घरात अडीच वर्षांची थोरली, दीड महिन्याचा धाकटा आणि माझी रजा बिनपगारी, त्यामुळे सध्या सगळं एकाच पगारावर चाललंय. दुसऱ्याच्या वेळी जो तो सांगत होता की आता खर्च डबल. हिशोब मांडायला बसलो तेव्हा तसं काही दिसेना, निदान पहिल्या काही महिन्यांत तरी नाही. तान्ह्या बाळाला लागतं काय, तर दूध, लंगोट किंवा डायपर, चार मऊ कपडे, पाठीवर झोपवायला सपाट टणक गादी आणि उचलून घ्यायला कोणीतरी. यातलं बरंचसं थोरलीच्या वेळचं माळ्यावर पडलेलंच होतं. खरा पैसा गळतो तो दोन ठिकाणी, एक आपल्या थकव्यापायी आणि दुसरं थोरलीकडे लक्ष देता येत नाही म्हणून मनात जी टोचणी असते तिच्यापायी.

आधी थकव्याचं सांगते. रात्रीचे तीन, बाळ छातीशी, एक हात अडकलेला, दुसऱ्या हातात फोन, आणि अंगठ्याने स्क्रोल करता करता खरंच वाटायला लागतं की हे अमुक स्वॅडल (बाळाला गुंडाळायचं कापड) घेतलं की हा सलग पाच तास झोपेल. मग व्हाइट नॉइजचं (एकसारख्या घरघर आवाजाचं) मशीन, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, वाइप्स कोमट ठेवणारा डबा (हो, असतो!), सगळं एका क्लिकच्या अंतरावर. आता नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, पोटच एवढुसं असतं, ते उठणारच, त्यात बिचारं मशीन काय करणार. पण हे दिवसा कळतं, रात्री तीन वाजता नाही कळत. म्हणून आमच्याकडे नियम आहे की रात्री कार्टमध्ये काय वाट्टेल ते टाका, पैसे भरायचे दिवसा आणि दोघांनी मिळून. नवरा सकाळी चहा पिता पिता माझं कार्ट मोठ्याने वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं हसतो, त्यातलं क्वचित काहीतरी खरंच लागणारं निघतं. शॉपिंगच्या ॲपमधून कार्डाची माहिती पण काढून टाकलीय. अंधारात पर्स शोधायला उठायचं म्हटलं की निम्म्या गरजा जागच्या जागी संपतात.

डायपर हा सगळ्यात मोठा आकडा, कारण दोघंही डायपरमध्ये. तान्ह्याला दिवसाला दहाच्या आसपास लागतात, थोरलीला त्याच्या निम्मे. सेल लागला की न्यूबॉर्न साइजचे गठ्ठे भरून ठेवायचा मोह होतो, तो आवरायचा. बाळाचं जन्माचं वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट होतं, म्हणजे ती सगळ्यात छोटी साइज बघता बघता संपते आणि मग उरलेली पाकिटं कोणाला देऊ म्हणून फोन करत बसावं लागतं. साठवायचेच असतील तर थोरलीच्या साइजचे साठवा, तिचं वजन आता हळूहळू वाढतंय, ती त्या साइजमध्ये बरेच महिने राहणार आहे.

कापडी की डिस्पोजेबल यावर लोक हमरीतुमरीवर येतात. आमचं उत्तर म्हणजे दिवसा कापडी, रात्री आणि बाहेर जाताना डिस्पोजेबल. कापडी थोरलीच्या वेळचेच आहेत, म्हणजे त्यांचे पैसे कधीच वसूल झालेत, आता खर्च फक्त पाणी, साबण आणि वीज. काढले तेव्हा कापड ठीकठाक होतं पण पायाशी इलॅस्टिक पार सैल पडलेलं, सगळं बाजूने गळणार. मग नवऱ्याने एका दुपारी थोरलीला शेजारी बसवून प्रत्येकाच्या पायाकडची शिवण बोटभर उसवली, जुन्या इलॅस्टिकच्या टोकाला नवं टाचलं, दुसऱ्या टोकाने जुनं ओढून घेतलं की नवं आपोआप आत, दोन टाके घातले की झालं. थोरलीचं काम काय तर जुनी इलॅस्टिक ताणून भिंतीवर सोडायची. धुण्याचं म्हणाल तर शी आधी टॉयलेटमध्ये टाकायची, मग गार पाण्यातून काढायचे आणि मग गरम पाण्यात नीट धुवायचे, बालदीत भिजत घालून ठेवले की वासही येतो आणि इलॅस्टिकही लवकर जातं. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा कापडावर थर बसतो आणि कापड ओल शोषायचंच बंद करतं. रॅशवरच्या झिंकच्या जाड क्रीमचंही तेच होतं, म्हणून क्रीम लावलं की मध्ये एक पातळ फडकं घालतो. आणि ज्या दिवशी अंगात त्राण नसतं त्या दिवशी सरळ डिस्पोजेबल, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. धुण्याच्या ढिगाकडे बघून रडत बसण्यात जी शक्ती जाते तिचीही किंमत असते की.

यावरून एकाने सल्ला दिला, थोरलीचं डायपर सोडव ना, केवढे पैसे वाचतील. कागदावर बरोबर आहे. पण घरात नवं बाळ आलं की सुटलेलं डायपरही परत लागायला लागतं, शिकलेल्या गोष्टी मुलं काही काळ सोडून देतात, हे अगदी कॉमन आहे. अशा वेळी जबरदस्ती केली तर वाचलेल्या डायपरपेक्षा धुवाव्या लागणाऱ्या चादरी जास्त. पॉटी कोपऱ्यात ठेवलीय, ती तिच्यावर बाहुलीला बसवते, सध्या एवढंच.

आता दुधाचं, आणि इथे मी जरा गंभीर आहे. मी अंगावर पाजते, ते जमतंय म्हणून फुकट म्हणायचं, नाहीतर आईचा वेळ आणि झोप धरली तर फुकट काही नाही. ज्यांना फॉर्म्युला, म्हणजे डब्यातलं पावडरचं दूध, द्यावा लागतो त्यांच्यासाठी तो या काळातला फार मोठा खर्च असतो आणि काटकसर करायची सगळ्यात घातक जागाही हीच. डबा चार दिवस जास्त पुरावा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त असं कधीही करायचं नाही, त्याने बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरतं, आकडी येऊ शकते. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीच नको असं सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे. वर्षाच्या आत फॉर्म्युलाच्या जागी गाईचं दूध हाही पर्याय नाही. परवडेनासं झालं तर लाजू नका, डॉक्टरांना किंवा नर्सला सरळ सांगा, कुठे काय मदत मिळते ते त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं.

पैसे वाचतात ते दुसरीकडे. पहिल्या सहा महिन्यांच्या फॉर्म्युलात काय काय आणि किती असलंच पाहिजे हे नियमांनी ठरलेलं असतं, त्यामुळे नियमांत बसणारा साधा डबाही बाळाची गरज भागवतो, मेंदूचं चित्र छापलेल्या महागड्या डब्याची सक्ती नाही (डॉक्टरांनी खास काही लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी). आणि पुढच्या टप्प्याचं म्हणून जे 'फॉलो-अप' दूध विकतात त्याची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलंय. टॉडलरसाठीच्या, म्हणजे थोरलीएवढ्या मुलांसाठीच्या, गोड पावडरींचंही तसंच, थोरली आमच्या ताटातलं खाते आणि साधं दूध पिते.

कपडे जवळपास सगळे जुने. धाकटा सध्या बहिणीच्या फुलाफुलांच्या झबल्यांत असतो, त्याची काही तक्रार नाही. पाळणा, बाबागाडी, टब, हे सगळं वापरलेलं चालतं, फक्त पाळण्याच्या दांड्यांमधलं अंतर साधारण ६ सेंमीच्या आत हवं आणि उशा, बंपर (कडेने लावायच्या मऊ पट्ट्या), लोड वगैरे कोणी प्रेमाने दिलं तरी पाळण्यात घालायचं नाही. एक गोष्ट मात्र अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका, कार सीट. अपघातातून गेलेली सीट वरून धडधाकट दिसते, आत तडा असू शकतो. स्वतःची जुनी असेल तरी तिच्यावर एक्सपायरी छापलेली असते ती बघा. आमची अजून चालतेय, हुश्श.

वाइप्सच्या जागी घरात कापूस आणि कोमट पाणी. पावडर, परफ्यूमवालं लोशन यांची बाळाच्या कातडीला गरजच नाही, त्यामुळे तो कप्पा आपोआप रिकामा.

आणि आता थोरली. तिच्यावर होणारा खर्च कुठल्याच बजेटच्या पुस्तकात दिसत नाही. आई सतत बाळाला घेऊन बसलेली, मग बाहेर गेलेला बाबा येताना काहीतरी घेऊन येतो, आजी येताना आणते, मावशी आणते, आणि महिन्याभरात तिला कळलं की बाळ आलं म्हणजे रोज खेळणं येतं. तिने दारातच पिशव्या तपासायला सुरुवात केली होती! खरं सांगायचं तर तिला खेळणी नकोच होती, तिला मी हवी होते. आता धाकटा झोपला की पंधरा-वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून फक्त ती आणि मी, काय खेळायचं ते ती ठरवणार. कपड्यांचे चिमटे आणि रिकामं डायपरचं खोकं सध्या टॉपला आहेत. खोक्याच्या चारही कडांना चिमटे लावायचे, मग एकेक काढून आत टाकायचे, मग खोकं डोक्यावर उपडं. चिमट्यांमुळे बोटांना व्यायाम होतो वगैरे मी नंतर वाचलं, तिला फक्त तो टक आवाज आवडतो.

असलेली खेळणीही आम्ही निम्म्याहून जास्त वर ठेवून दिलीत आणि मधून मधून बदलतो. २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी टॉडलर मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन बघितलं होतं, तर चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्या घरात हे डोळ्यांनी दिसतं, शिवाय आवरायला चारच. स्वस्तातली आवाज करणारी, लाइटवाली खेळणी मात्र मी परत करते, बटण बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बंद होत नसेल तर ते खेळणं घरात नको. ती बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका जाळते.

बघायला येणारे विचारतात, काय आणू? पूर्वी मी "अहो काही नको" म्हणायचे आणि मग टेडी यायचे. आता सरळ सांगते, थोरलीच्या साइजचे डायपर आणा किंवा एक वेळचं जेवण आणा, आणि तेही नको असेल तर तिला अर्धा तास बाहेर फिरवून आणा. लोकांना राग येत नाही हो, उलट सुटल्यासारखं वाटतं त्यांना. जेवणाचंही तेच तंत्र, जे करायचं ते दुप्पट करून निम्मं फ्रीजरमध्ये, कारण बाहेरून मागवण्याची वेळ येते ती भुकेने नाही, संध्याकाळी सहा वाजता दोघंही एकदम रडायला लागल्यावर येते.

सध्या एकच मोठा खर्च डोक्यावर आहे, झोपायच्या जागेचा. क्रिबमध्ये, म्हणजे उंच कठड्याच्या पाळण्यात, थोरली झोपते आणि धाकटा उसन्या आणलेल्या बॅसिनेटमध्ये, म्हणजे तान्ह्याच्या छोट्या पाळण्यात. दुसरी क्रिब घ्यायची नाही हे ठरलंय. मूल साधारण ९० सेंमी उंच झालं किंवा कठड्यावर चढायला लागलं की त्याला क्रिबमधून काढावं म्हणतात, आमची बाई ८७ वर आहे आणि चढायचं तिला अजून सुचलेलं नाही. तिकडे धाकटा कुशीवर वळायला लागला की त्याचं बॅसिनेट बंद. तेव्हा कोण आधी, यावर घरात पैज लागलीय, नवरा थोरलीवर, मी धाकट्यावर. थोरली जिंकली तर तिची गादी जमिनीवर आणि क्रिब त्याला. धाकटा आधी वळला तर तेच, फक्त जरा घाईघाईत.