तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांनी अभ्यासात एआय वापरावे का?

कोल्हापुरात इतिहास शिकवत असल्यामुळे पालक मला हा प्रश्न वारंवार विचारतात. माझे उत्तर असे आहे, की वाचलेले समजून घेण्यासाठी ते जरूर वापरावे, मात्र प्रकल्पाचा पहिला खर्डा विद्यार्थ्याचा स्वतःचाच असावा.

चंदगड, शाहूवाडी, राधानगरी या तालुक्यांतून मराठी माध्यमात शिकून आलेली मुले एम.ए.ला येतात, तेव्हा त्यांच्यापुढे एकदम इंग्रजी संदर्भग्रंथ येतात. एकेक वाक्य पाच ओळींचे असते, आणि वर्गात शंका विचारायला संकोच वाटतो म्हणून त्यांतील कितीतरी जण बाजारातल्या गाइडवर भागवत आले आहेत. आता तोच उतारा चॅटजीपीटीला देऊन ‘हे सोप्या मराठीत समजावून सांग’ असे म्हणता येते, आणि तरीही कळले नाही तर पुन्हा पुन्हा विचारता येते. सरसकट बंदीची मागणी करणाऱ्यांना इंग्रजीची ही अडचण बहुधा कधी आलेली नसते. ज्या गावात शाहू महाराजांनी शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, तिथे ही सोय हिरावून घेणे मला अन्यायाचे वाटते.

लिहिण्याचे मात्र वेगळे आहे. हे साधन मुळात, अफाट मजकुरातून शिकलेल्या सवयीने, पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे हे ठरवत जाते. त्यामुळे ज्या विषयावर भरपूर लिहिले गेले आहे तिथे ते सहसा बरोबर असते. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानात मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखीव झाल्या, हे ते नीट सांगेल. पण त्या आदेशाची अंमलबजावणी संस्थानच्या एखाद्या खात्यात कशी झाली, हे विचारून पाहा. त्याचा पुरावा जुन्या दफ्तरांत, बराचसा मोडी लिपीत असतो, आणि तो इंटरनेटवर क्वचितच सापडतो. तरीही उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने येते, कधी लेखक, प्रकाशक आणि पृष्ठक्रमांकासह अशा ग्रंथाचे नावही येते, जो अस्तित्वातच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले असेच काल्पनिक खटले दाखले म्हणून सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला होता. ज्याने स्वतः काही वाचून खर्डा लिहिला आहे, त्याला ही चूक निदान खटकते. ज्याने काहीच वाचलेले नाही, त्याच्याकडे ती ओळखण्याचे साधनच नसते.

मग एआयने लिहिलेला मजकूर पकडणारे सॉफ्टवेअर का वापरत नाही, असेही पालक विचारतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्याच वर्षी आढळले, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशी साधने यंत्राचे ठरवतात. म्हणजे संशय नेमका आमच्या मुलांवरच येणार. केवळ अशा साधनाने दाखवलेल्या टक्केवारीवरून कोणाला शून्य गुण देणे मला मान्य नाही.

त्याऐवजी मी विद्यार्थ्याला समोर बसवून विचारतो, की हा संदर्भ का घेतला, कोणता वगळला, हस्तलिखित टिपणे कुठे आहेत. खरे-खोटे लवकर कळते. पण मोठ्या वर्गात प्रत्येकाला असा वेळ देणे आजच्या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून पालकांनी महाविद्यालयाकडे एआयवर बंदी मागण्यापेक्षा तोंडी परीक्षेसाठी तास आणि शिक्षक मागावेत.