आरशातलं ऊन

जुन्या कब्रस्तानाच्या साफसफाईला आम्ही शनिवारी जायचं ठरवत होतो, सगळ्यांना सुट्टी असते म्हणून. मावशींनी फोनवरच सांगितलं, "शनिवारी नको गं. आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस." त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत ते त्यामुळेच. मग रविवार ठरला.

अलिबाग तालुक्यातल्या एका गावाबाहेर बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, हे जुनं कब्रस्तान आहे. मावशी त्यांच्यातल्याच. कोकण किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना अलिबागजवळच्या नवगावला पुरलं, ही या समाजाची परंपरेनं चालत आलेली कथा. 1948 नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली. मावशींची भावंडंही गेली. थडग्यांवर घाणेरी माजली ती तेव्हापासून.

मी दगडी वास्तूंच्या जतनाचं काम करते. गावातली पोरं कोयते घेऊन आली होती, उत्साह दांडगा. पहिला तासभर मी एकच घोकत होते: मूळ उपटू नका, जमिनीलगत कापा. ओढलं की ते चौथऱ्याचा जांभा घेऊन वर येतं. तारेचा ब्रश नाही, अ‍ॅसिड नाही. साधं पाणी, मऊ ब्रश आणि फटींसाठी बांबूची काडी.

एका काळ्या शिळेपाशी मात्र जीव हळहळला. पूर्वी कुणीतरी, मायेनंच, तिच्या बुडाशी सिमेंट थापलं होतं. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि पापुद्रे सुटतात. तिथे चुनाच हवा. शिळेवर वर हिब्रू, खाली मराठी मजकूर होता. मराठीतली शेवटची ओळ, म्हणजे नेमकी तारखेची, पापुद्र्याबरोबर गेली होती.

उरलेलंही वाचता येईना. दुपारी ऊन डोक्यावर आलं की कोरलेल्या अक्षराची सावलीच पडत नाही, दगड सपाट दिसतो. मी आरसा नेला होता. एका मुलाला तो बाजूला धरून उभं केलं आणि कवडसा शिळेवर आडवा टाकायला लावला. त्यानं आरसा जरासा कलता केला आणि अक्षरं उठून आली. पोरगा तिथूनच मोठ्यानं वाचायला लागला. "...ची बायको", मग नवऱ्याचं नाव, मग गावावरून पडलेलं आडनाव. तो थांबला. "ताई, हे तर आमच्याच गावचे!"

माझ्या अंगावर काटा आला. त्यानं ती बाई परक्या लिपीत नाही, आपल्या मराठीत वाचली होती.

तारीख मावशींनी काढली. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. उजवीकडून डावीकडे त्यांचं बोट सरकत गेलं: ताव, रेश, नून. 400, 200, 50. वरचे पाच हजार लिहीत नाहीत, ते धरून चालायचे. म्हणजे ज्यू पंचांगाचं 5650, आपलं 1889-90. सिमेंटनं खाल्लेलं साल वरच्या ओळीत शाबूत होतं.

मावशींनी पायाशी पडलेला एक खडा उचलून शिळेवर ठेवला. मग त्या मुलानंही ठेवला. बाहेर पडताना त्यांनी सगळ्यांना फाटकापाशी हात धुवायला लावले, कब्रस्तानातून तसंच घरी जायचं नसतं म्हणून. मी सर्वांत शेवटी धुतले. त्या शिळेच्या चुन्यासाठी चुनकळी विझत घालायची राहिली होती.