हस्तातल्या शेपट्या: एनजीसी ४०३८/३९, एप्रिलची नोंद

एनजीसी ४०३८/३९ म्हणजे हस्त नक्षत्रातल्या, एकमेकींवर आदळून लांब शेपट्या फुटलेल्या दोन दीर्घिका, ॲन्टेना जोडी. त्यांच्या फोटोंची ही नोंद. जागा कोल्हापूरजवळचं मसाई पठार. ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), एफ/५ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट), रंगीत कॅमेरा, पिक्सेल ३.७६ मायक्रॉन, म्हणजे पिक्सेलमागे ०.७८ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद).

कोल्हापूरच्या अक्षांशावर ही ॲन्टेना जोडी दक्षिणेला ५४ अंशांपर्यंत चढते, एप्रिलच्या मध्याला रात्री ११च्या सुमारास. ९ वाजता सुरू केलेल्या फ्रेम टाकाव्या लागल्या. त्या वेळी ती आग्नेयेला, बरोबर शहराच्या उजेडावर असते, वर शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर. १० ते १ हीच खरी वेळ. १२० सेकंदांच्या ७५ फ्रेम, दर तीन फ्रेमनंतर डिदर (दुर्बीण किंचित सरकवणं).

दीर्घिकांचे गाभे लगेच दिसतात. शेपट्यांचा उजेड मात्र आभाळाच्या उजेडाच्या काही टक्केच. त्यामुळे फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम, चित्रातला असमान उजेड काढायला) त्याच रात्री, फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन न हलवता. पार्श्वभूमी काढताना, म्हणजे आभाळाच्या उजेडावर गणिती पृष्ठभाग बसवून तो वजा करताना, पहिल्या घाताच्या वर जाऊ नका. चौथ्या घाताचा पृष्ठभाग आभाळासोबत शेपटीही खाऊन टाकतो, आणि चित्र स्वच्छ दिसल्यामुळे ते ध्यानातही येत नाही. आभाळाचा उजेड मोजायचे नमुना-बिंदू शेपट्यांपासून लांब, हाताने ठेवा.

एच-अल्फाचा (तापलेल्या हायड्रोजनच्या लाल रेषेचा) प्रयोग फसला. ३ नॅनोमीटर रुंद खिडकीच्या फिल्टरमधून ताऱ्यांच्या जन्माच्या गाठी जवळजवळ गायब. कारण साधं: दोन्ही दीर्घिका सेकंदाला सुमारे १६४० किमी वेगाने दूर जाताहेत, त्यामुळे ६५६.३ची रेषा ६५९.९ नॅनोमीटरवर सरकते. ३चा फिल्टर ६५७.८लाच संपतो. ७चाही काठावरच, आणि एफ/५च्या तिरप्या किरणांमुळे फिल्टरची खिडकी आणखी निळ्याकडे सरकते. १२ नॅनोमीटरचा जुना, स्वस्त फिल्टर इथे महागड्याला भारी. तसं दोघींचा वेग जवळपास सारखा असणं हाच जोडी खरी असल्याचा मोठा पुरावा. नाहीतर पुढे-मागे असलेल्या दोन दीर्घिकाही फोटोत चिकटलेल्या दिसतात.

दीर्घिकेची असममितीही मोजता येते. तारे पुसा, आभाळ वजा करा, प्रतिमा १८० अंश फिरवून मूळ प्रतिमेतून वजा करा. फरकांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज भागिले मूळ उजेडाची बेरीज. ०.३५च्या वर गेलं की विलीनीकरणाचा संशय. फिरवण्याचा केंद्रबिंदू थोडा थोडा हलवून सगळ्यात लहान येणारी किंमतच धरायची, आणि रिकाम्या आभाळाचा तेवढाच तुकडा घेऊन त्यातल्या नॉइजचा वाटा वजा करायचा. नाहीतर साधी सर्पिल दीर्घिकाही टक्कर झाल्यासारखी निघते. हा आकडा उजेडावर चालतो, म्हणून फिकट शेपट्यांना त्यात जवळजवळ मत नाही. १९७२ साली टूमरे बंधूंनी संगणकावर दाखवलं की अशा शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने निघतात. त्या शोधायला अजून डोळाच बरा.

पुढच्या अमावास्येला १२चा फिल्टर, वळिवाने जागा दिली तर.