दहा मिनिटं जा, असं मीच म्हणाले होते

पॅलिएटिव्ह वॉर्डात, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायच्या वॉर्डात, नऊ वर्षं झाली मला, मरण नवीन नाही, पण हा दिवस डोक्यातून जात नाही कारण त्या दिवशी मी एक वाक्य बोलून गेले.

काका सत्तरीचे, फुप्फुसाचा कॅन्सर, आणि मुलगी तीन दिवस बेडशेजारच्या खुर्चीतून उठलीच नव्हती म्हणा ना. सकाळी चादर बाजूला केली तर गुडघ्यांवर जांभळट चट्टे, पाय गार, आणि श्वास असा की भराभर चार-सहा घ्यायचे, मग बारीक होत होत थांबायचा, मी घड्याळाकडे बघत मोजायचे, वीस सेकंद, पंचवीस, की परत सुरू. याला चेन-स्टोक्स ब्रीदिंग म्हणतात, 1818 मध्ये चेनने लिहून ठेवलं, 1854 मध्ये स्टोक्सने, परीक्षेला पाठ केलेलं सगळं, पण शेजारी बसलेल्या पोरीला त्याचा काय उपयोग, तिचा जीव दर थांब्याला वरखाली होत होता.

घशात घरघर लागलेली. "सिस्टर, बाबा गुदमरतायत, सक्शन करा ना." मी म्हटलं अगं गिळायची ताकद गेली की थुंकी घशात साठते आणि हवा त्यातून जाते म्हणून आवाज येतो, चेहरा बघ त्यांचा, कपाळावर आठी तरी आहे का, घशातलं ओढून काढायच्या त्या सक्शनच्या नळीनेच जास्त त्रास होईल. कुशीवर वळवलं, थुंकी कमी करणारं ग्लायकोपायरोलेटचं इंजेक्शन दिलं, आवाज थोडा उतरला. (खरं सांगू, ते इंजेक्शन पेशंटपेक्षा ऐकणाऱ्यासाठीच जास्त असतं असं माझं मत.)

मग तिने विचारलं ऐकू येतं का त्यांना. कॅनडात 2020 ला एक अभ्यास आला होता, शेवटच्या तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही पेशंटचाही मेंदू आवाजाला प्रतिसाद देत होता, आता त्यांना अर्थ कळतो का ते त्यातून कळत नाही, पण मी म्हटलं बोल तू. तर ती काय बोलली, कपाटाची हरवलेली किल्ली जुन्या कोटाच्या खिशात सापडली म्हणून! अर्धा तास त्या किल्लीवरच.

दुपारी तिचे डोळे बघवेनात. मीच म्हटलं, दहा मिनिटं जा, तोंड धुऊन ये, मी आहे इथे.

ती गेली. मी ओल्या स्पंजने काकांचे ओठ पुसत होते आणि थांबा आला, तीस, चाळीस, पन्नास, हाक मारायला फोन बघितला तर तिचा मोबाईल खुर्चीवरच. एक श्वास आला. नंतर नाही आला.

ती आली तेव्हा तोंड ओलंच होतं तिचं.

अशा वेळी आम्ही म्हणतो की काही माणसं जवळचं कुणी खोलीबाहेर जाईपर्यंत थांबतात. पुरावा नाही, पण वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा. नेहमी म्हणते मी, त्या दिवशी तोंडातून निघेना, कारण पाठवलं मीच होतं ना, ते माझीच सुटका करून घेतल्यासारखं झालं असतं. मी एवढंच म्हटलं, "मी पाठवलं तुला, माझा अंदाज चुकला."

ती काहीच बोलली नाही, कितीतरी वेळ. मग म्हणाली, "तुम्ही काय करत होतात तेव्हा?" ओठ पुसत होते. "काही बोललात त्यांच्याशी?" हो, म्हटलं होतं, जरा पाणी लावते हं काका. "परत सांगा ना." परत सांगितलं. अजून एकदा सांगायला लावलं तिने, मग माझ्या हातातला स्पंज घेतला आणि राहिलेलं तोंड स्वतः पुसलं.

डॉक्टर येऊन डिक्लेअर करून गेले. काही तासांत अंग ताठ होतं म्हणून हात सरळ करायचे होते, तेही तिनेच केले, मी फक्त धरलं.

अजूनही थकलेल्या नातेवाइकांना मी तोंड धुवायला पाठवते. फक्त आधी सांगते की मधल्या वेळात काहीही होऊ शकतं, आणि मोबाईल त्यांच्या हातात देते.