पाय पसरता येतील अशी गाडी

माझी गाडी कांगारूला धडकल्यावर मदतीला थांबलेल्या त्या माणसानं आधी मला विचारलं, "लागलं का कुठे?" मी नाही म्हटल्यावर माझ्या गाडीकडे वळूनही न बघता तो सरळ रस्त्यात पडलेल्या कांगारूकडे गेला. गुडघे टेकून बसला, तिच्या पोटाच्या पिशवीत हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिला. पिल्लू नव्हतं. मग शेपटीला धरून त्यानं तिला रस्त्यापासून चांगली पंधरा-वीस पावलं लांब ओढत नेलं. "सकाळी गरुड येतील खायला. रस्त्यातच राहिली तर तेही गाडीखाली सापडतात," म्हणाला. माझा लोंबणारा बंपर त्यानं तारेनं बांधून दिला आणि हॉकर गाव येईपर्यंत स्वतःची गाडी माझ्यापुढे हळूहळू चालवत राहिला. त्याच्या गाडीला पुढे जाडजूड लोखंडी बुलबार, म्हणजे जनावराची धडक झेलणारा सांगाडा, होता. माझ्या पुढचा अंधार तो स्वतःच्या अंगावर घेत होता. नाव विचारायचं मला सुचलंही नाही.

ही दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. तेव्हापासून या विषयावर लिहायचं होतं, कारण माझी फोटोग्राफीची गाडी त्या संध्याकाळी ठरली. विकत घेतली वर्षभरानं, एवढंच.

ऑस्ट्रेलियात, ॲडलेडहून उत्तरेला चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगा आहेत. आपल्या सह्याद्रीसारखा काळा कातळ नाही, तांबूस-जांभळा, थरांचा, फार म्हणजे फारच जुना. त्यातल्या बुन्येरू दरीच्या वर रेझरबॅक नावाची जागा आहे. तिथून मातीचा रस्ता वळणं घेत डोंगरांत शिरताना दिसतो आणि मावळतीच्या शेवटच्या दहा मिनिटांत डोंगर आतून पेटल्यासारखे लाल होतात. तो फोटो मला हवा होता. गाडी भाड्याची होती. इथल्या अनेक कंपन्यांच्या करारात एक कलम असतं: सूर्यास्तानंतर गावाबाहेर गाडी चालवायची नाही, चालवलीत तर विमा लागू नाही. या कलमाचा मला किती राग होता, काय सांगू! फोटो काढणाऱ्या माणसाला दुपारी बारा वाजता गाडी घेऊन काय करायचंय? उजेड येतो तो पहाटे आणि संध्याकाळी, आणि नेमकं तेव्हाच घरात बसायचं? मला वाटायचं, ही नियमांची हौस आहे. आमच्या साताऱ्यात माणसं रात्री दोन वाजता कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातात. मी स्वतः पावसात, धुक्यात, वडापच्या जीपमध्ये मागं दाटीवाटीनं बसून घाट केलेत. मला कोण अंधाराची भीती दाखवणार!

तरी त्या दिवशी कलम पाळायचं म्हणून उजेड पुरता यायच्या आधीच निघाले. मनासारखा फोटो झाला नाहीच, आणि हॉकरपर्यंतच्या साठेक किलोमीटरमधले निम्मे संपता संपता सूर्य मावळला. पुढच्या काही मिनिटांत ती कांगारू डावीकडून रस्त्यावर आली.

कलमाचं कारण मला तेव्हा कळलं. कांगारू चरायला बाहेर पडतात ते पहाटे आणि संध्याकाळीच. माझा उजेड आणि त्यांची जेवणाची वेळ एकच. त्यात डांबरी रस्त्याच्या कडेला पाणी ओघळून साचतं, तिथलं गवत जास्त हिरवं राहतं, म्हणून ती नेमकी रस्त्याकडेलाच येतात. घाटातला धोका वेगळा असतो. तिथे वळण दिसतं, समोरच्या गाडीचा हॉर्न येतो, आपण सावध असतो. इथे रस्ता सरळ, रिकामा, वेग ११०, आणि झुडपातून उडी. वळणांवर कमावलेलं कसब अशा सरळ रस्त्यावर उपयोगी पडत नाही. पण म्हणून घाटात गाडी चालवणारा बेफिकीर असतो असं नव्हे. इथले मित्र 'तुमच्याकडचं ड्रायव्हिंग' म्हणून हसतात, तेव्हा मला अजूनही राग येतो.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा नाना (माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेले) फोनवर पहिलं वाक्य बोलले, "स्कॉर्पिओ बघ. तिकडं पण विकतात आता." खरं होतं. २०२३ पासून ती ऑस्ट्रेलियात मिळते, आणि बनते आपल्या चाकणला. शोरूममध्ये तिला पाहून मला काय वाटलं ते लिहिताना आत्ताही गलबलून येतं. चाकणहून निघालेली गाडी ॲडलेडच्या उन्हात उभी होती! डिझेल, उंच बसण, चारही चाकांना ताकद, खडकाळ चढासाठी वेगळा लो गिअर. त्याच डिसेंबरात इथल्या सुरक्षा चाचणीत तिला शून्य तारे मिळाले. वर्षभर आधी ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं तिच्या भारतातल्या मॉडेलला पाच तारे दिले होते. ऑफिसातल्या एकानं ती बातमी मुद्दाम माझ्या टेबलावर आणून दाखवली, आणि मी अर्धा तास त्याच्याशी भांडले. इथल्या चाचणीत आपोआप ब्रेक लागणं, लेन सुटली की गाडीनं सावरणं, अशा सोयींना गुण असतात. त्या सोयीच गाडीत नव्हत्या. शिवाय असले सेन्सर कांगारूपुढे गडबडतात. २०१७ मध्ये एका नामांकित स्वीडिश कंपनीनंच मान्य केलं होतं की उडी मारणाऱ्या जनावराचं अंतर त्यांच्या यंत्रणेला नीट मोजता येत नाही. हे सगळं मी पोटतिडकीनं सांगितलं. धडकेच्या गुणांतही ती मागे पडली होती, ते मी सांगितलं नाही. नानांनाही अजून सांगितलेलं नाही.

स्कॉर्पिओ मी घेतली नाही, पण ताऱ्यांमुळे नाही. त्या संध्याकाळनंतर माझा प्रश्नच बदलला होता. गाडी कुठवर जाते, यापेक्षा ती रात्रभर कुठे थांबू शकते हे मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं. फोटो झाल्यावर मला अंधारात परतायचंच नव्हतं. म्हणून प्रत्येक शोरूममध्ये मी टेप घेऊन गेले. मागच्या सीटा पाडून तिथेच आडवी झाले, पाय पसरून पाहिले, नवऱ्यालाही झोपवलं. विकणारी माणसं इंजिनाबद्दल बोलत राहायची आणि मी डोक्यापासून दारापर्यंतचं अंतर मोजत राहायचे.

शेवटी एक वापरलेली सुबारू आउटबॅक घेतली. लांबट स्टेशन वॅगन, पोट जमिनीपासून २१३ मिलिमीटर वर, चारही चाकं ओढणारी. लो गिअर नाही. मऊ वाळूच्या टेकड्यांत ती जाणार नाही, आणि मला तिथं जायचंही नाही. फ्लिंडर्समधले बहुतेक मातीचे रस्ते कोरडे असताना ती आरामात करते. पाऊस पडला की रस्ते बंद होतात, मग मोठ्या चाकांच्या गाड्याही थांबतातच. स्टेपनी मात्र पूर्ण मापाची हवी, यावर मी अडून बसले होते. हल्ली पुष्कळ गाड्यांत तात्पुरती बारीक स्टेपनी देतात, ताशी ८० पर्यंतच चालवायची. पुढचं गाव शंभर किलोमीटरवर आणि रस्त्यावर धारदार दगड असताना तिचा काय उपयोग? मातीचा रस्ता लागला की टायरची हवा थोडी कमी करायची, हे मला नानांनी फोनवरून शिकवलं.

आणखी एक गोष्ट गाड्यांच्या कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळत नाही: मागच्या खिडकीची काच पूर्ण खाली जाते का? फ्लिंडर्समधल्या ब्राचिना गॉर्जमध्ये पिवळ्या पायांच्या वॉलबी (छोट्या कांगारूंसारख्या) राहतात, शेपटीवर पट्टे असलेल्या. माणूस उतरला की पळतात, उभ्या गाडीला भीत नाहीत. गाडी हेच लपण. काच अर्धवट राहिली तर लेन्स टेकायची कुठे? जुन्या सोलापुरी चादरीची मी पिशवी शिवली, त्यात तांदूळ भरले, ती खिडकीवर ठेवते आणि वर लेन्स. इंजिन बंद ठेवायचं, नाहीतर थरथर फोटोत येते. आणि कॅमेरा कायम झाकणाच्या डब्यात, कारण ती लाल धूळ मागच्या दाराच्या फटीतून पिठासारखी आत येते.

पोर्ट ऑगस्टावरून जाताना मला दर वेळी उंट आठवतात. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या इथल्या व्यापाऱ्यानं कराचीहून शंभरावर उंट आणि ते हाकणारी माणसं याच बंदरात उतरवली. घोडे-बैल हरले त्या मुलखात पुढची अनेक दशकं उंटांनीच सामान वाहिलं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. म्हणजे या ओसाड मुलखाला चालणारं वाहन एकेकाळी आपल्याच इलाख्यातून आलं होतं. ऑफिसातल्या त्या माणसाला मी हेही ऐकवलं.

आता संध्याकाळी रेझरबॅकवर उजेड संपेपर्यंत थांबते, मग हळूहळू खाली उतरून जवळच्याच अकेशिया कॅम्पसाइटला मुक्काम. जागा आधी बुक केलेली असते, कारण हा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथं वाटेल तिथं झोपता येत नाही. थर्मासमधला चहा, डब्यातली धपाटी. पहाटे दार उघडलं की डोंगर समोर.

गाडीत मागे एक जुना स्वेटर, हातमोजे आणि वन्यप्राणी वाचवणाऱ्या इथल्या लोकांचा नंबर कायम असतो. गेल्या महिन्यात क्वॉर्न गावाच्या अलीकडे सकाळी एक कांगारू पडलेली दिसली. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. मी हातमोजे घातले, गुडघे टेकले, पिशवीत हात घातला. अंग थंड होतं. पिशवी रिकामी होती, तरी मी दोनदा पाहिलं. मग आम्ही दोघांनी तिला ओढत झुडपांपर्यंत नेलं.