सुट्या पैशांवर उपाय: यूपीआय लाइट

नाशिकच्या पंचवटीत कोथिंबिरीची जुडी घ्यायची, एका हातात पिशवी, मागे गर्दी. अशा वेळी वीस रुपयांसाठी पिन टाकत बसू नका. यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलं छोटं पाकीट, सुरू करा. पेमेंट ॲपच्या प्रोफाइलमध्ये हा पर्याय असतो. खातं निवडायचं, रक्कम भरायची, पिन एकदाच टाकायचा. मग हजार रुपयांपर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं. शिल्लक 5000 पर्यंत ठेवता येते, पण माझ्या मते पाचशे पुरे. पिन नाही म्हणजे उघडा फोन हे उघडं पाकीट, म्हणून स्क्रीन लॉक हवाच. पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते. चहा, भाजी, रिक्षा यांचा तपशील ॲपमध्येच सापडतो. फोन बदलताना किंवा ॲप काढताना आधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात वळती करा. हे लोक हमखास विसरतात.

मेन रोडच्या गर्दीत पेमेंट अडकलं आणि 'प्रोसेसिंग' दिसलं, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. इतिहास उघडून स्थिती बघा, यूटीआर (व्यवहाराचा ओळख क्रमांक) टिपून ठेवा. खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई.

स्कॅन केल्यावर आलेलं नाव दुकानदाराला वाचून दाखवा. क्यूआरवर दुसराच स्टिकर चिकटवलेला असेल, तर तो इथेच पकडला जातो. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.