ब्लू-रे घरी येईपर्यंत

२००७ च्या दिवाळीआधी आठवडाभर अमेरिकेत वॉलमार्टनं तोशिबाचा एचडी-ए२ हा एचडी डीव्हीडीचा, म्हणजे साध्या डीव्हीडीपेक्षा बरंच बारीक चित्र दाखवणारा, प्लेअर ९८ डॉलर ८७ सेंटला विकायला काढला. आपल्या पैशात तेव्हा चार हजारांच्या आत. दीडच वर्षापूर्वी, एप्रिल २००६ मध्ये, तोशिबाचा पहिला प्लेअर ४९९ डॉलरला आला होता. न्यू जर्सीहून मावसभावाचा फोन आला, "दादा, डिसेंबरात येतोय मी. एक उचलून आणू का? लगेच सांग, दुकानाबाहेर रांग लागलीय."

घरी नुकताच एलसीडी टीव्ही आला होता. मागं 'एचडी रेडी'चं स्टिकर, एचडी चित्र आणि आवाज एकाच वायरीनं घेणारं एचडीएमआयचं सॉकेट, आणि लावायला साधा डीव्हीडी प्लेअर. चार हजारांत खरं एचडी म्हटल्यावर मन चळणारच. पण मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपच्या तपासणी विभागात काम करत होतो. जोडीचा पार्ट कुठला आहे हे ड्रॉइंगवर बघितल्याशिवाय आमच्याकडं कुठलाच पार्ट पास होत नाही. त्याला म्हटलं, दोन दिवस दे.

तेव्हा बाजारात दोन जाती होत्या. तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी, पॅनासॉनिक वगैरेंची ब्लू-रे. लेझर दोन्हीकडं एकच, ४०५ नॅनोमीटरचा, जांभळट निळा. डिस्कचा व्यास तोच, जाडी तीच, हातात धरून फरक कळणार नाही. खरा फरक माहिती किती खोलीवर कोरली आहे त्यात. एचडी डीव्हीडीत ती जुन्या डीव्हीडीसारखीच ०.६ मिलिमीटर आत असते, म्हणून डीव्हीडीच्याच कारखान्यात थोडे बदल करून ती छापता यायची. ब्लू-रेत ती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असते. त्यामुळं लेन्स जास्त बारीक टिपते आणि एका थरात १५ ऐवजी २५ जीबी बसतात. कामावर फटी मोजायच्या फिलर गेजमधली ०.१० मिलिमीटरची पट्टी काढून मी बोटात धरून बघितली. वाकवली की पानासारखी वाकते. तेवढ्याच जाडीच्या आवरणाखाली अख्खा चित्रपट. त्या आवरणावर वेगळा कडक लेप का द्यावा लागतो, हे ती पट्टी हातात असताना लगेच पटलं.

पण इंजिनिअरिंग कुणाचं सरस, हा माझ्यापुढचा प्रश्न नव्हता. तो प्लेअर कोल्हापुरात आल्यावर कशाकशाशी जुळणार, हे बघायचं होतं. पहिली गोष्ट वीज. तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं, म्हणजे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आला. तो शाहूपुरीत मिळाला असता, त्याची काळजी नव्हती. दुसरी गोष्ट घरातल्या डीव्हीडी. कुठली डिस्क कुठल्या देशांत चालावी यासाठी कंपन्यांनी जगाचे रिजन पाडलेले. अमेरिकन प्लेअर साध्या डीव्हीडीसाठी रिजन १ चा, आपण रिजन ५ मध्ये. ज्या डिस्कवर रिजनचं बंधन नाही त्या चालल्या असत्या, बाकीच्या नाहीत. शिवाय आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीच्या डिस्क तिथली बहुतेक यंत्रं घेत नाहीत. म्हणजे नवं यंत्र आणल्यावरही जुनं शेजारी ठेवावंच लागणार.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. डिस्क कुठून आणायच्या? कोल्हापुरात एचडी डीव्हीडीचं एकही पाकीट मी दुकानात बघितलं नव्हतं. याच सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती. लोक त्या पाववडा घ्यावा तशा घेत होते. अशा गावात एचडीच्या डिस्क ठेवणार कोण? तिकडून मागवायच्या म्हटल्या तर स्टुडिओ वाटले गेलेले. युनिव्हर्सल आणि पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडं, सोनी, फॉक्स आणि डिस्ने ब्लू-रेकडं. दोन्हीकडं पाय ठेवून मोठं असं वॉर्नर एकटंच. एक गोष्ट मात्र एचडी डीव्हीडीच्या बाजूची होती आणि ती भावालाही सांगितली. तिला रिजन कोडच नव्हता, जगात कुठूनही आणा आणि लावा. आपल्यासारख्या लांबच्या गिऱ्हाइकाला हे मोठं सोयीचं होतं आणि ब्लू-रेवाल्यांनी जगाचे ए, बी, सी असे तुकडे केले याचा राग मला आजही आहे.

भाव इतका का पडला, याचाही विचार केला. दीड वर्षात किंमत पाचव्या हिश्शावर येते ती फक्त उत्पादन सुधारलं म्हणून नव्हे. समोरच्याचं यंत्र घरात शिरायच्या आत आपलं घुसवायचं, त्याची ती घाई होती. ब्लू-रेवाल्यांचं घुसवायचं साधन वेगळं होतं, सोनीचं व्हिडिओ गेमचं यंत्र प्लेस्टेशन ३. खेळासाठी घेतलेल्या डब्यातून ब्लू-रे फुकटात घरी येत होता. भारतातही ते २००७ च्या एप्रिलपासून मिळत होतं, ३९,९९० रुपयांना. हा झगडा मिटला नव्हता आणि मिटेपर्यंत स्वस्त यंत्र म्हणजे फक्त स्वस्त यंत्र. मी भावाला नको म्हणून सांगितलं. "चार हजारांत काय बिघडतंय दादा?" म्हणून त्यानं बरंच समजावलं. पण चार हजार प्लेअरचे, पुढच्या प्रत्येक डिस्कचं काय, यावर त्याच्याकडंही उत्तर नव्हतं. त्यानं स्वतःसाठी मात्र घेतला. पोस्टानं पाच डिस्क फुकट मिळण्याची योजना होती, त्याही आल्या.

पुढचं फार भराभर झालं. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरनं फक्त ब्लू-रे करणार म्हणून जाहीर केलं. तोशिबानं लगेच आणखी भाव उतरवले. फेब्रुवारीत वॉलमार्टनंही एचडी डीव्हीडी सोडली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं काम थांबवत असल्याचं सांगितलं. भावाचा प्लेअर वाया गेला नाही, साध्या डीव्हीडी तो फार सुंदर मोठ्या करून दाखवायचा.

झगडा मिटला म्हणून मी लगेच ब्लू-रे घेतला नाही. ब्लू-रेत आतल्या आतच पायऱ्या होत्या, प्रोफाइल १.०, १.१ आणि २.०. सुरुवातीचे १.० चे प्लेअर चित्रपट दाखवायचे, पण चित्रात चित्र किंवा नेटवरून येणारे जादा भाग त्यांना जमत नव्हते. नेटच्या सोयीसाठी २.० ला जोडणीचं सॉकेट आणि एक जीबी साठवण लागते. जुन्या यंत्रात ते नसेल तर कुठल्याही अपडेटनं येत नाही. प्लेस्टेशन ३ मध्ये हे सगळं आधीपासून असल्यानं ते २००८ च्या मार्चमध्ये अपडेटवर २.० ला गेलं, बाकी पहिले गिऱ्हाईक तिथंच राहिले. सोनीचा पहिला प्लेअर तर साधी गाण्याची सीडीही वाजवत नव्हता. ऑक्टोबर २००७ पासून काही डिस्कवर नक्कल रोखणारं बीडी प्लस हे नवं कुलूप आलं, तेव्हा आधीचे काही प्लेअर त्या डिस्कवर अडकले. पैसे मोजून घेतलेली डिस्क पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात चालत नाही, हा गिऱ्हाइकावर सरळ अन्याय आहे. चोरी करणाऱ्याला त्या कुलपाचं काहीच वाटत नाही.

२०१० च्या दसऱ्याच्या सुमारास राजारामपुरीत प्लेअर चौदा हजारांच्या आसपास आले, तेही २.० चे, २३० व्होल्टवर चालणारे आणि वॉरंटीसकट. तेव्हा मी घरातल्या डिस्क पिशवीत घालून दुकानात गेलो. एक रिजन ५ ची डीव्हीडी, बहिणीच्या लग्नाची फोटोग्राफरनं करून दिलेली डीव्हीडी-आर, जुन्या मराठी चित्रपटाची व्हीसीडी आणि भावानं पाठवलेल्या दोन अमेरिकन ब्लू-रे. ज्याला घ्यायचा आहे त्यानं हे करावंच. दुकानातली डेमो डिस्क कुठल्याही यंत्रात चालते.

तिथं प्लेअर टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडून ठेवला होता. विक्रेता म्हणाला, "बघा साहेब, काय क्लॅरिटी हाय!" पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. मी त्याला म्हटलं, भावा, एचडीएमआयची वायर आण बघू. तो आत जाऊन घेऊन आला आणि मागच्या बाजूला चाचपडत त्यानं पीन बसवली. पडदा क्षणभर काळा झाला, मग चित्र आलं. समुद्रकिनाऱ्याचं दृश्य होतं. मघाशी वाळू म्हणजे नुसता पिवळा पट्टा होता, आता कण वेगळे दिसत होते आणि ओल्या वाळूवर पक्ष्याच्या पायांचे ठसे होते. तो पोरगा स्वतःच जवळ जाऊन बघत राहिला. एवढे दिवस त्यानंही हे बघितलं नव्हतं.

मग पिशवीतल्या डिस्क. दोन अमेरिकन ब्लू-रेपैकी वॉर्नरची सरळ चालली, कारण त्यांच्या बहुतेक डिस्कवर रिजनचं बंधन नसतं. दुसरीवर होतं, ती नाही म्हणाली. आपण रिजन सी. लग्नाची डीव्हीडी-आर पहिल्या मॉडेलनं थोडा वेळ फिरवून बाहेर टाकली, शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलनं विनातक्रार वाचली. मी तोच घेतला. पाचशे रुपये जास्त पडले.

घरी आणल्यावर पहिलं काम अपडेटचं. नव्या डिस्कची कुलपं उघडायला प्लेअरचं सॉफ्टवेअर नवं लागतं आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर यंत्र कायमचं बंद पडू शकतं. लोडशेडिंगच्या दिवसांत हा धोका कोण पत्करणार? कॉम्प्युटरचा यूपीएस काढून प्लेअर त्याला लावला, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि मग बटण दाबलं. जुन्या अँप्लिफायरला एचडीएमआय नव्हतं, त्याला फक्त आवाज नेणारी ऑप्टिकल वायर जोडली. तिच्यातून ब्लू-रेचा सगळ्यात भारी, दर्जा न घटवलेला आवाज येत नाही, साधा डॉल्बी आणि डीटीएस येतो. आमच्या खोलीला तो भरपूर आहे.

एका बाबतीत मात्र प्लेअर काहीच करू शकला नाही. डीव्हीडीचं ७२० बाय ५७६ चं चित्र तो सुंदर मोठं करतो, पण व्हीसीडीत मुळात ३५२ बाय २८८ एवढेच ठिपके असतात. कोल्हापुरात तयार झालेले जुने मराठी चित्रपट माझ्याकडं आहेत ते बहुतेक व्हीसीडीतच. ज्या गावात १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, त्या गावातल्या माणसाला आपलेच चित्रपट असे पुसट बघावे लागतात. प्रभातच्या कित्येक मूळ, सहज पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म २००३ च्या जानेवारीत पुण्यात आगीत गेल्या. जे नीट उरलंय ते चांगल्या प्रतीत स्कॅन होऊन लोकांच्या हातात यायला हवं, प्लेअर कितीही स्वस्त झाले तरी तो प्रश्न सुटत नाही. दुकानाच्या ब्लू-रेच्या मांडणीत त्या दिवशी मराठी एकही नव्हतं.

तो प्लेअर अजून चालतोय. सॅमसंग २०१९ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली, एलजीनं २०२४ च्या अखेरीस हात आखडता घेतला. म्हणून आता डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायला सुरुवात केलीय. छापलेल्या डीव्हीडीला घाई नाही. डीव्हीडी-आर रंगाच्या थरावर लिहिलेली असते आणि तो थर वर्षागणिक खराब होतो, म्हणून बहिणीचं लग्न आणि मुलाचं बारसं आधी.